पान मोडतं एकीकडे, दोष असतो दुसरीकडे

वाचनालयाची, शाळेची किंवा दिवाळी अंकाची वेबसाइट अनेकदा वर्डप्रेसवर असते आणि ती सांभाळणारे ग्रंथपाल, शिक्षक, संपादक प्रोग्रॅमर नसतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

चौकोनी कंसात एखादा ठरलेला शब्द लिहिला, की त्या जागी फोटोंची मांडणी किंवा संपर्काचा फॉर्म उमटतो. हा शॉर्टकोड. 2008 साली वर्डप्रेसच्या 2.5 आवृत्तीत ही सोय आली. पण कधी कधी तोच शॉर्टकोड घातला, की बाजूची पट्टी घसरून मजकुराच्या खाली जाते. माणूस घाबरतो आणि त्या पट्टीच्या सेटिंगमध्ये शिरतो. तिथे काही सापडत नाही, कारण दोष वर, शॉर्टकोडपाशी असतो. पानाचे बहुतेक भाग डिव्ह नावाच्या खुणेनं उघडतात आणि तशाच खुणेनं बंद होतात. शॉर्टकोडनं एक डिव्ह उघडा ठेवला किंवा एक जास्तीचा बंद केला, की पुढच्या सगळ्या भागांचा हिशेब चुकतो. म्हणून पान जिथे मोडलेलं दिसतं, तिथून वरच्या दिशेनं शोधत जा.

फॉर्म लेखाच्या मधोमध हवा होता आणि तो लेखाच्या डोक्यावर जाऊन बसला, तर चूक तो शॉर्टकोड पुरवणारं प्लगइन लिहिणाऱ्याची असण्याची शक्यता फार मोठी. शॉर्टकोडच्या फंक्शननं तयार मजकूर 'रिटर्न' करायचा, म्हणजे वर्डप्रेसच्या हाती परत द्यायचा असतो. ते 'एको' करत असेल, म्हणजे थेट छापत असेल, तर मजकूर आधीच बाहेर पडतो. तुम्ही कितीही जागा बदलली तरी हे सुधारणार नाही. प्लगइनच्या कर्त्याला कळवा.

वर्डमधून मजकूर चिकटवताना वळणदार अवतरणचिन्हं सोबत येतात. शॉर्टकोडमध्ये साधी, सरळ चिन्हं लागतात. वळणदार चिन्हांत लिहिलेला रकान्यांचा आकडा, समजा चार, वर्डप्रेसला आकडा म्हणून कळतच नाही आणि चार रकान्यांची फोटोंची गॅलरी विस्कटते. ती चिन्हं हातानं पुन्हा टाइप करा.

मजकूर रकान्यांत मांडणाऱ्या शॉर्टकोडमध्ये नको तिथे मोकळी जागा दिसते, तिचं कारण वेगळं. आपण एंटर दाबला, की वर्डप्रेस आपणहून परिच्छेदाच्या खुणा घालतं, आणि हे काम शॉर्टकोड उलगडण्याच्या आधी होतं. रकान्यांचे कंस एकाच ओळीत, एकमेकांना लागून लिहिले की बहुतेक वेळा भागतं. यावर 'परिच्छेदाची ही सोयच बंद करून टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. तो कृपा करून ऐकू नका. जुन्या एडिटरमध्ये लिहिलेले सगळे लेख त्या सोयीवर उभे असतात. ती बंद केली, की परिच्छेद एकमेकांत मिसळतात आणि जुन्या अंकांतल्या कवितांच्या ओळी सलग गद्यासारख्या धावू लागतात. एका शॉर्टकोडसाठी एवढी किंमत मोजू नये.

तपासणी वाचकांसमोर करू नका. पानाची प्रत मसुदा म्हणून ठेवा, त्यात एकच शॉर्टकोड ठेवून पाहा. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हे प्लगइन बाकीची प्लगइन्स फक्त तुमच्यापुरती बंद करतं; वाचकांची साइट चालूच राहते. मग एकेक चालू करत जा. दोषी सापडला, की त्याच्या कर्त्याला शॉर्टकोड, थीमचं नाव आणि आवृत्त्या जशाच्या तशा लिहून पाठवा. 'पान बिघडलं' एवढ्या दोन शब्दांवर कोणालाच दुरुस्ती करता येत नाही.