अणुभट्टीतला गंज
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



अणुभट्टीचा विषय आपल्या मंडळात कशाला, असे काहींना वाटेल. पण भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसले की नवापूर ओलांडल्यावर व्यारा लागते. त्याच भागात, आपल्याच तापीच्या पाण्यावर, काकरापारचे वीजकेंद्र चालते. खानदेशातल्या कितीतरी लेकी सुरतेकडे दिलेल्या आहेत. तेव्हा विषय परका नाही.

११ मार्च २०१६ रोजी सकाळी तेथील पहिल्या भट्टीत जड पाणी गळू लागले. भट्टी आपोआप बंद झाली, कोणाला इजा झाली नाही. पण पुढे जो दोष सापडला तो ऐकण्यासारखा आहे.

या भट्टीत ३०६ आडव्या नळ्या आहेत. इंधन त्यांत असते, आणि तापलेले जड पाणी दाबाखाली त्यांतूनच वाहते. नळ्या झिर्कोनियम धातूत थोडे नायोबियम मिसळून केलेल्या. प्रत्येकीभोवती दुसरी नळी, आणि मधल्या पोकळीत कोरडा कार्बन डायऑक्साइड वायू. त्या वायूत ओल दिसली, की आतली नळी पाझरते आहे असे समजायचे.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. भट्टीत मात्र किरणांच्या माऱ्याने पाण्याचे कणच फुटतात आणि धातूला खाणारी द्रव्ये तयार होतात. धातू हायड्रोजन शोषून ठिसूळ होतो. शिवाय भांडे उचलून उजेडात धरण्याची सोय नाही! म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने नळीत शिरून ध्वनिलहरींनी तपासणी करणारे यंत्र बनविले. नळीच्या आतून धातूची बारीक खरवड काढून तीत हायड्रोजन किती मुरला तेही मोजतात. काढलेल्या नळ्यांचे तुकडे तुर्भ्याला जाड भिंतीआड, शिशाच्या काचेतून पाहत, यांत्रिक हातांनी तपासतात.

काकरापारला गंज सापडला तो नळीच्या बाहेरच्या अंगाला, जेथे नुसता वायू! नळ्या तर पाचसहा वर्षांपूर्वीच बदललेल्या. संशय गेला तो वायूत शिरलेल्या अशुद्धीवर. पाण्याची एवढी काळजी घेणाऱ्यांना वायूने चकविले.

माझे एकच मागणे आहे. अशा चौकशीचा अहवाल झाला की त्यातले सार व्यारा-नवापूरच्या बायकांना वाचता येईल अशा भाषेत छापावे. नदी त्यांच्याही घरात येते.

त्या भट्टीच्या साऱ्या नळ्या पुन्हा बदलाव्या लागल्या. ती चालू झाली २०१९ साली.