क्रीडावृत्तविद्येची पदवी : शिक्का पाहावा, बेरीज करावी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. परंतु शिष्यवृत्ती समितीपुढे अलीकडे एक नवा प्रश्न घेऊन मुले येऊ लागली आहेत. त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मुले म्हणतात, "आम्हांला खेळाविषयी लिहायचे आहे, बोलायचे आहे. त्याची पदवी कोठे घ्यावी, आणि ती परवडेल काय?"

प्रथम पालकांना विनंती, की या मुलांना हसू नका. हे गाव सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या होळकर संघाचे. त्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. याच गावच्या सुशील दोशींनी हिंदी समालोचनात नाव मिळवले आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीत बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट घरोघर पोचवले. १९६२ साली निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मधून वि. वि. करमरकरांनी खेळाच्या बातमीला मानाची जागा मिळवून दिली. आज वार्तांकन आणि समालोचनाबरोबर आकडेवारी ठेवणे, चित्रफिती करणे, संघाच्या वतीने बातम्या पुरविणे अशीही कामे निघाली आहेत. व्यवसाय खरा आहे. मात्र जागा थोड्या आणि सुरुवातीची मिळकत बेताची. म्हणून शिक्षणाचा खर्चही बेताचाच हवा.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला हाच नाद होता. एका खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक त्याने आणले. त्यावर 'क्रीडा' आणि 'माध्यम' हे शब्द मोठ्या अक्षरांत होते. भावाने मला विचारले आणि मी, घरातला शिकलेला म्हणवणारा, ते नीट न वाचताच "घाला" म्हणालो. भावजयीने सराफ्यात जाऊन आपल्या पाटल्या मोडल्या. तीन वर्षांनी मुलगा एम. ए.च्या प्रवेशाला गेला, तेव्हा कळले की हाती आहे ते संस्थेचे प्रमाणपत्र, पदवी नव्हेच. भावजय मला एवढेच म्हणाली, "भाऊजी, शिक्का कुणाचा आहे, ते आपण कुणीच पाहिलं नाही." त्या दिवसापासून मी शिक्का पाहू लागलो.

तेव्हा पहिली गोष्ट ही : पदवी कोण देणार, ते विचारा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. शिकविणारी संस्था कोणतीही असो, कागदावर विद्यापीठाचे नाव हवे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो, ती पाहावी.

दुसरी गोष्ट, पूर्ण बेरीज करा. आपण फी पाहतो आणि राहण्याजेवणाचा खर्च विसरतो. उदाहरणादाखल, समजा वर्षाची फी ४०,००० रुपये. तीन वर्षांचे १,२०,००० झाले. परगावी खोली आणि खाणावळ मिळून महिना ९,००० धरले, तर वर्षाच्या दहा महिन्यांचे ९०,००० आणि तीन वर्षांचे २,७०,०००. म्हणजे फीच्या सव्वादोनपट पैसा नुसता राहण्यात गेला! घरी राहून शिकता येत असेल, तर हीच सर्वांत मोठी शिष्यवृत्ती होय. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. भोपाळला माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ आहे. नोकरी करीत शिकणाऱ्यांना १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. आधी ही सरकारी दारे ठोठवावीत. मग दूरचा विचार करावा.

तिसरी गोष्ट, पदवीच्या नावात 'क्रीडा' शब्द असलाच पाहिजे, असा हट्ट नको. पत्रकारितेची किंवा भाषेची साधी पदवी पुढे एम. ए., बी. एड. आणि स्पर्धा परीक्षा यांची वाट मोकळी ठेवते. उद्या या क्षेत्रात जम बसला नाही, तरी मुलगा अडून राहत नाही. खेळाचे ज्ञान मैदानावर मिळते. धावफलक लिहायला शिका. शाळांचे खो-खो आणि कबड्डीचे सामने पाहून त्याच रात्री दोनशे शब्द लिहा. आपली मुले घरी मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. हे भांडवल फुकट मिळालेले आहे. ते वाया घालवू नका.

चौथी गोष्ट, प्रवेशापूर्वी तेथे शिकून गेलेल्या दोघांना भेटा. काम प्रत्यक्ष करायला मिळाले काय, वृत्तपत्रात किंवा वाहिनीवर उमेदवारी कोणी लावून दिली, आणि आज ते काय करतात, हे विचारा. माहितीपत्रकातील हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा या दोघांचे बोलणे अधिक खरे असते.

माझ्या पुतण्याने पुढे मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले. दिवसा स्थानिक सामन्यांचे धावफलक लिहिले, रात्री अभ्यास केला. आज तो खेळांच्या बातम्या लिहून आपले पोट भरतो. पण त्याची तीन वर्षे गेली, ती गेलीच; आणि पाटल्या अजून व्हायच्या आहेत.

शेवटी विश्वस्तांना एक सूचना. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात दोन ओळी वाढवाव्यात : 'पदवी कोणते विद्यापीठ देणार?' आणि 'शेवटच्या वर्षापर्यंतचा एकूण खर्च किती?' ज्यांना त्या भरता येणार नाहीत, त्यांना परत न पाठविता समितीतील कोणीतरी शेजारी बसवून भरून घ्याव्यात. मी त्या कामाला दर रविवारी सकाळी सभागृहात बसेन. एवढे काम माझ्याकडून व्हावे, हे माझ्या भावजयीचे माझ्यावरील ऋण आहे.