आभाळातला विंचू, कागदावरचा विंचू

उन्हाळ्यात रात्री अंगणात बाज टाकून पडलात, की दक्षिणेकडे एक विंचू दिसतो. छातीशी तांबूस तेजाची ज्येष्ठा, मागे वळलेली नांगी आणि त्या नांगीत मूळ नक्षत्र. पंचांगातली वृश्चिक रास ती हीच.

पण खरे सांगा, तिथे विंचू आहे का? आहेत त्या नुसत्या चांदण्या. ज्येष्ठा आपल्यापासून सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे दूर. शेजारच्या कुणी अलीकडे, कुणी पलीकडे. त्यांच्यामधून मनाने रेघ ओढली ती माणसाने. म्हणजे रास हे मुळातच एक चित्र आहे. पत्रिकेत त्याच वृश्चिकेचा ८ हा आकडा होतो, आणि दिनदर्शिकेवर पायांचा, नांगीचा विंचू होतो. रास एकच, रूपे अनेक.

हे मला फार उशिरा उमगले. त्याआधी माझ्या हातून एक चूक घडली. वीसेक वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवीत होतो. चित्रकलेच्या तासाला मुलांना विंचू काढायला सांगितला. एका धनगराच्या पोराने सगळा कागद शिसपेन्सिलीने काळा केला, मधे पांढरे ठिपके सोडले, आणि एकच ठिपका लाल. मी विचारले, "पाय कुठे आहेत?" तो म्हणाला, "गुरुजी, मेंढरांजवळ निजल्यावर दिसतो तसा काढलाय." मी हसलो. मग सगळा वर्ग हसला. मी भोपळा दिला. त्या पोराने पुन्हा माझ्या तासाला मनापासून चित्र काढले नाही.

पुढे पणिक्करांच्या चित्रांची छापील पुस्तिका हाती आली, आणि तो काळा कागद डोळ्यांपुढे उभा राहिला. के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) हे मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य होते. १९६६ साली मद्रासजवळ 'चोळमंडल' हे चित्रकारांचे गाव त्यांच्या पुढाकाराने वसले. १९६३ पासून त्यांनी 'शब्द आणि चिन्हे' ही चित्रमालिका रंगविली. तिच्यात जन्मपत्रिकेसारखी घरे आहेत, कोष्टके आहेत, आणि मल्याळमसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरे आहेत.

ही पुस्तिका आमच्या चुलत्यांनी, आबांनी, पाहिली. आयुष्य शेतात गेलेला माणूस.

"कुनाची पत्रिका रं ही?"

"कुणाचीच नाही, आबा. चित्र आहे."

"आपल्याकडची न्हवं ही."

आबांचे बरोबर होते. आपल्या कुंडलीत चौकोनाला कर्ण असतात. दक्षिणेत कडेने बारा घरे मांडतात. मग ते म्हणाले, "कुनाची न्हाई, तर वाचायची कशी?"

मी म्हणालो, "वाचायची नाही. नुसती बघायची." आबा बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "अक्षरं कुरीनं पेरल्यागत दिसत्यात." श्रोते हो, याहून चांगले रसग्रहण मला तरी करता आले नसते. चित्रकाराने पत्रिकेतले भविष्य घेतले नव्हते. तिची मांडणी, तिची दाटी, तिच्याकडे पाहताना वाटणारे गूढ घेतले होते. आबांना ते नेमके दिसले.

आपल्या कोल्हापूरला हुबेहूब चित्राची मोठी परंपरा आहे. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर ही नावे आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यावीत. पण त्यामुळे 'जे हुबेहूब नाही ते चित्रच नाही' अशी एक समजूतही घर करून बसते. आबालालांनी कोटितीर्थाचे पाणी रंगविले, ते आधी त्या पाण्याकडे तासन् तास पाहून. हुबेहूबपणाच्याही आधी असते ते पाहणे.

शिक्षकबंधुभगिनींनो, एवढे करून पाहा. येत्या मे महिन्यात एखाद्या अंधाऱ्या रात्री गावातली मुले गोळा करा आणि त्यांना वृश्चिक दाखवा. दुसऱ्या दिवशी कागद द्या; नमुन्याचे चित्र मात्र पुढे ठेवू नका. कुणी पाय काढील, कुणी ठिपके काढील, कुणी नुसती एक वाकडी रेघ ओढील. प्रत्येकाला विचारा, "तुला काय दिसलं?" आणि उत्तर पुरते ऐकून घ्या.

मी ते ऐकून घेतले नव्हते. तो पोरगा आता बाप्या झाला असेल. हे भाषण त्याच्या कानी पडले, तर त्याने समजावे, की गुरुजींनी तो भोपळा खोडला आहे.