दोन थेंब आणि पूर्ण सत्य



वाशीम जिल्ह्यात लसीकरणाच्या कामात उतरणाऱ्या कार्यकर्त्याला दारात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'देश पोलिओमुक्त झाला ना, मग हे थेंब अजून कशाला? आणि त्यांनीच पोलिओ होतो म्हणतात, ते खरे का?' या प्रश्नाला अफवा म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही.

कारण त्यात सत्याचा अंश आहे. या थेंबांत जिवंत, पण दुर्बल केलेला विषाणू असतो. तो बालकाच्या आतड्यात वाढून तेथेच प्रतिकारशक्ती निर्माण करतो आणि संसर्गाची साखळी तोडतो. गुण तोच, धोकाही त्यातच. साधारण २५ लाख मात्रांमागे एखाद्या बालकाला लसीमुळेच पक्षाघात संभवतो. जन्मतः प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलास तो अधिक, म्हणून अशा मुलाच्या बाबतीत आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. उलट मूळ विषाणूची बाधा झालेल्या दर २०० जणांमागे सुमारे एकाला पक्षाघात होतो. पारडे कोणीकडे झुकते, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

दुसरा धोका सूक्ष्म आहे. जेथे बरीच मुले लसीविना राहतात, तेथे हा दुर्बल विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत पुन्हा बळावतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अशाच विषाणूने लस न घेतलेल्या एका तरुणास पक्षाघात झाला. म्हणजे लस नाकारून हा धोका टळत नाही, वाढतो.

भारतातील मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळाले. तरीही शासन स्वस्थ बसले नाही. नोव्हेंबर २०१५ पासून मृत विषाणूचे इंजेक्शन जोडले गेले, त्याने पक्षाघात होत नाही. आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळला गेला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ विषाणू आजही आहे, म्हणून थेंब सुटलेले नाहीत.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ बालकांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. दोष लसीचा नव्हता, हलगर्जीचा होता. पण आईला हा भेद कोणी समजावयाचा? बूथवर कुपी पाहण्याचा तिचा हक्क आपणच तिला सांगितला पाहिजे.

मानोरा, मंगरुळपीरकडील तांड्यांवरून कामासाठी परजिल्ह्यात गेलेली कुटुंबे परततील, तेव्हा त्यांच्या पाच वर्षांखालील मुलांची यादी करून आशाताईंकडे द्या. कोणती मात्रा चुकली, हे त्या कार्ड पाहून सांगतील.