बांधकाम कामगार आणि दगडाची धूळ
(खमरिया, जबलपूर येथे मराठी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



खमरिया म्हटले की दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला. दारूशी काम म्हणजे एका ठिणगीची भीती. म्हणून सुरक्षिततेचा धडा इथल्या कामगाराला कोणी शिकवावा लागत नाही. पण स्फोट सर्वांना दिसतो, त्याची चौकशी होते. आज आम्ही बोलणार आहोत ते अशा मारेकऱ्याबद्दल, जो दहा-वीस वर्षांनी मारतो आणि तोवर ठेकेदार बिल घेऊन निघून गेलेला असतो.

ती आहे दगडाची धूळ. रेती, ग्रॅनाइट, वालुकाश्म, काँक्रीट, विटा, टाइल या सर्वांत सिलिका असते. कटर, ग्राइंडर किंवा ड्रिल कोरडे चालवले की तिची अतिसूक्ष्म धूळ उडते. डोळ्यांत खुपते ती जाड धूळ. खरी घातक धूळ डोळ्यांना दिसतही नाही, ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे जखमेसारखे वण पडतात आणि फुप्फुस ताठर होते. हाच सिलिकोसिस. काम सोडले तरी वण वाढू शकतात. त्यावर उतारा देणारे औषध नाही. अशा छातीला क्षयही लवकर गाठतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला कर्करोगकारक ठरवले.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, गावाकडे वाडवडिलांनी दगडच फोडले, त्यांना काही झाले नाही. देशावरचा काळा दगड हा बेसाल्ट आहे, त्यात ही सिलिका फार कमी. जबलपूरच्या मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत, त्यात ती भरपूर. गावचा अनुभव इथे लावून चालणार नाही.

हे दूरचे प्रकरण नाही. याच मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गोधऱ्याकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले. परत आले ते धाप घेऊन. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्यास गुजरात सरकारला सांगितले. भरपाई मिळाली, पण माणूस गेल्यावर.

आता हा प्रश्न आपला कसा? रेल्वेत पूल, फलाट, बोगदे, क्वार्टर्स बांधतो तो ठेक्यावरचा बिगारी. रुळांखालची खडी क्रशरवर फोडतो तोही तोच. खडी उतरवताना उडणारी धूळ तर ट्रॅकमनच्याच नाकात जाते. टपाल कार्यालयाच्या दुरुस्तीत फरशी कापली जाते, तेव्हा शेजारच्या काउंटरवर आपलाच सोबती बसलेला असतो. तोंडाला ओला रुमाल बांधून कटर चालवणारा पोरगा आम्ही सर्वांनी पाहिला आहे. रुमालातून ही धूळ सहज आत जाते. तो आपला सभासद नाही म्हणून आपण पुढे निघून जातो. हे बरोबर आहे का, हे आपण स्वतःला विचारावे.

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. २०२० ची सुरक्षा व आरोग्य संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्याही यादीत तो आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर उपकर आला, कल्याण मंडळे झाली. राजस्थानने तर २०१९ साली या रोगाचे स्वतंत्र धोरण केले. पण कायद्याच्या दारात पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. तू तिथे कामाला होतास, याचा कागद कुठे आहे? मजुराकडे हजेरी कार्ड नसते. डॉक्टर एक्स-रे पाहून क्षय लिहितात, कारण तो काय काम करत होता हे कोणी विचारलेले नसते. मग मृत्यूच्या दाखल्यावरही क्षयच येतो आणि दावा तिथेच संपतो. कागदाची किंमत टपाल आणि रेल्वे कामगाराइतकी कोणाला ठाऊक?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या आवारात कोरडी कटिंग होऊ देऊ नये. कटरवर पाण्याची धार किंवा धूळ ओढणारे यंत्र हवे. कोरडा झाडू आणि हवेचा फवारा बंद करून ओल्याने पुसावे. पाणी पहिले, मास्क त्यानंतर. आणि मास्क म्हणजे रुमाल नव्हे, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला. या अटी निविदेतच लिहिल्या जाव्यात, कारण अट नसेल तर ठेकेदार पाण्याचा खर्चही वाचवतो. प्रत्येक मजुराची कल्याण मंडळात नोंदणी, हजेरीचा कागद त्याच्या हातात, आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी हवी. सुरक्षा समितीच्या बैठकीत हा विषय आपल्या प्रतिनिधीने मांडलाच पाहिजे.

यासाठी संप लागत नाही. उद्या कामावर जाताना कोरडा कटर चालताना दिसला, तर थांबा, मुकादमाला पाणी मागा आणि शाखेला कळवा. कायम कामगाराचा आवाज ऐकला जातो. ज्याचा ऐकला जात नाही त्याच्यासाठी तो वापरणे, हीच संघटना.

कामगार एकजुटीचा विजय असो!