दवाखान्यात विचारायला लाजू नका

(मंडळाच्या चिटगुप्पा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेच्या काउंटरवर बसणारा क्लार्क आहे. म्हणून अध्यक्षसाहेबांनी आजारपणावर बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. ते म्हणाले, "डॉक्टरांची भाषणे आपण ऐकतोच. यंदा पेशंटच्या घरचा माणूस बोलू दे." म्हणून आपल्यापुढे उभा आहे. चूक माझ्याच घरात झाली, तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पंधरा वर्षे शुगर होती. मागून बीपीही आले. शुगरसाठी कलबुर्गीचे डॉक्टर, गुडघ्यांसाठी सोलापूरचे आणि ताप-खोकल्याला गावातले. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या पंधरा दिवसांसाठी दिल्या होत्या. त्याच गोळ्या आबांनी मेडिकलमधून मागवत चार वर्षे खाल्ल्या. आणून देणारा मीच. शुगरच्या डॉक्टरांना ते आम्ही कधी सांगितले नाही, कारण "गुडघ्याचा शुगरशी काय संबंध?"

पायांना आणि तोंडाला सूज आली तेव्हा आबांना हैदराबादला नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुराने रिपोर्ट कहाँ हैं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. एक रिपोर्ट कपाटात, दोन शेतसाऱ्याच्या पावत्यांच्या पिशवीत, एक देव्हाऱ्याच्या खणात. धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशीच्या बसने ते सगळे घेऊन आला. रात्री लॉजच्या पलंगावर मी ते तारखेप्रमाणे मांडले. क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, मूत्रपिंडाचे काम त्यावरून कळते. पहिल्या कागदावर १.१, दुसऱ्यावर १.४, तिसऱ्यावर १.९, चौथ्यावर ३.२. हैदराबादला आला ४.६.

मित्रहो, हे मांडायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. रोज शेकडो लोकांना पासबुक समजावून देणारा मी. खाते हळूहळू रिकामे होत चालले की आम्हाला लांबून कळते. आणि माझ्या वडिलांचे खाते चार वर्षे रिकामे होत होते, ते मला दिसले नाही. आबा चौदा महिने डायलिसिसवर होते. नंतर गेले. मूत्रपिंड वाचलेच असते असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, शुगर-बीपीनेही ते जातेच. पण दुसरा कागद पहिल्याशेजारी ठेवला असता तर त्या दुखण्याच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या असत्या, एवढे डॉक्टरांनी मला सांगितले. दोष कोणा एका डॉक्टरला देत नाही. प्रत्येकाने एकेक पान पाहिले. सगळी वही आमच्या घरात होती, आणि ती आम्ही कोणालाच दाखवली नाही.

म्हणून पहिली विनंती. घरात ज्याला कायमचा आजार आहे, त्याच्या नावाची एक फाईल करा. सगळे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. पहिल्या पानावर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे लिहा. त्यात दुखण्याच्या, झाडपाल्याच्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या, सगळ्या आल्या. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती फाईल घेऊन जा, मग दुखणे दाताचे का असेना.

दुसरे म्हणजे एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. वर्षभर खाते कोरडे आणि ३१ मार्चला पैसे भरून शिल्लक दाखवणारे गिऱ्हाईक आम्हाला चांगले माहीत असते. शुगरचेही तसेच आहे. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद केले की उपाशीपोटीची शुगर बरी येते आणि आपण घरी येऊन पेढा खातो. म्हणून एचबीए१सी ही तपासणी असते. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त, असे पुन्हा तपासूनही आले तर मधुमेह समजतात. शुगर असलेल्या माणसाने वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्याचा पडदा आणि पाय तपासून घ्यावेत. आणि "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. नॉर्मल आला तो बहुधा गोळीमुळेच.

तिसरे म्हणजे तारीख. तारखेशिवाय बँकेत नोंद होत नाही, आणि तापात तर तारखेवर सगळे अवलंबून आहे. पावसाळ्यात घरोघरी ताप येतो. डेंग्यूची एनएस१ ही तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर दुसरी तपासणी करावी लागते. चुकीच्या दिवशी केलेली तपासणी "निगेटिव्ह" आली म्हणजे डेंग्यू नाही असे होत नाही. टायफॉइडसाठी आपल्याकडे सर्रास विडाल करतात. एकट्या विडालवरून टायफॉइड पक्का धरता येत नाही. रक्ताचे कल्चर जास्त भरवशाचे, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतले तर. म्हणून ताप आला की कॅलेंडरवर खूण करा आणि डॉक्टरांना सांगा, "आज चौथा दिवस आहे." डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी मेडिकलमधून भलतीच गोळी आणू नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते, एवढे तर शाळेतली पोरेही ओळखू शकतात.

आता चौथी गोष्ट, आणि इथे जरा स्पष्ट बोलतो. राग मानू नये.

आपण या भागातली जुनी घराणी. निजामाच्या आधीपासूनची वतने सांगणारी माणसे. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेले, त्याआधीही आपण इथेच होतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत कधी काळी उर्दू. जवळच माणिकनगरला माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा कितीतरी भाषांत पदे रचली. तेव्हा भाषांचे आपल्याला वावडे नाही. कन्नड ही आपली राज्यभाषा आहे, तिचा मान आहेच. पण बाजाराची कन्नड वेगळी आणि दवाखान्याची वेगळी. गोळी "ऊटक्के मोदलु" घ्यायची की "ऊटद नंतर", इथवर आपण तरतो. त्यापुढे डॉक्टर काय सांगतात आणि इंग्रजी रिपोर्टात काय लिहिले आहे, हे न कळताच आपण मान हलवतो. का? तर "पाटलांना एवढेही कळत नाही" असे कोणी म्हणू नये म्हणून. आबाही तसेच मान हलवत. बाहेर आल्यावर मला विचारत, "काय म्हणाला रे तो?" आणि मी म्हणे, "काही नाही, गोळ्या चालू ठेवा."

हीच प्रतिष्ठा टीबीच्या आड येते. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासावी, हे भिंतीभिंतीवर लिहिलेले आहे. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. उपचार काळात पोषणासाठी खात्यावर जमा होणारी रक्कम २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली. तरीही मोठ्या घरातला पेशंट परगावी जाऊन गुपचूप औषध घेतो, कारण घरात मुलगी लग्नाची आहे. दोन महिन्यांत बरे वाटते, गोळ्या सुटतात. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग ज्या मुलीसाठी लपवले तिलाच तो आजार लागू शकतो. ही कसली प्रतिष्ठा?

विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मला काय झाले आहे? ही तपासणी कशासाठी? या आकड्याचा अर्थ काय, मागच्यापेक्षा वाढला की कमी झाला? ही गोळी किती दिवस, आणि माझ्या आधीच्या गोळ्यांबरोबर चालेल का? काय झाले तर लगेच परत यायचे? कळले नाही तर "पुन्हा सांगा" म्हणावे. शेवटी आपल्याला काय समजले ते आपणच डॉक्टरांना बोलून दाखवावे. चूक असेल तर तिथेच सापडते. आम्ही नोटा दोनदा मोजतो, ते गिऱ्हाईक चोर म्हणून नव्हे.

हा आपला हक्कही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत, पेशंटला त्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे, असे म्हटले आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्कही त्यात आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. भाषेपुरते बोलायचे तर, राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. आणि १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणात, जिथे त्यांची वस्ती १५ ते २० टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे ठरले होते. दवाखान्याच्या भिंतीवरच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कोणती?

आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला, वर्तमानपत्रांत दोन्हीकडून पुष्कळ छापून आले. त्या वादात मी पडत नाही. घरच्या माणसाला दोनच गोष्टी सांगतो. आपले गाव त्या यादीत आहे का आणि कोणते कागद लागतात, हे माणूस धडधाकट असतानाच पाहून ठेवा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचे कार्डही तसेच काढून ठेवा. दुसरी गोष्ट अशी की, या योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. दरमहाच्या शुगर-बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. आणि आबांसारखी माणसे भरती होण्याच्या आधीच्या त्या चार वर्षांतच हातची जातात. त्या वर्षांसाठी सरकारी दवाखान्यातील एनसीडी विभाग आहे, तिथे शुगर-बीपीची तपासणी आणि गोळ्या मोफत असतात. जनऔषधी केंद्रांत तीच औषधे स्वस्त मिळतात. तिथे जायला कमीपणा वाटून घेऊ नका.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. हुमनाबादपासून वेगळे होऊन चिटगुप्पा आता स्वतःचा तालुका झाला आहे. निवडणूक आली की आपण उमेदवाराकडे कमान मागतो, सभामंडप मागतो. यावेळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मराठी जाणणारा एक माणूस काउंटरला आणि भिंतीवर मराठीतून सूचना, एवढे लेखी मागू या, तेही कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन. कारण इंग्रजी रिपोर्ट त्यांनाही कळत नाही. दुसरे, ते पाच प्रश्न मराठीत छापून मंडळाने प्रत्येक घरी द्यावेत. तिसरे, आपली शिकलेली मुले-मुली महिन्यातून एक रविवार इथे बसून गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून देतील. उपचार सांगायचा नाही, तो डॉक्टरांचाच अधिकार. नुसते कागद लावून द्यायचे आणि कोणता आकडा वाढतो आहे त्यावर पेन्सिलने खूण करायची.

पहिल्या रविवारी मी येणार आहे. कागद लावणे हेच माझे रोजचे काम आहे. ते घरच्यांसाठी वेळेवर केले नाही, म्हणून निदान आता आपल्यासाठी करतो.