एसपी की एलपी? लग्नाच्या कॅसेटमधला आवाज कुठे गेला

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हीसीआर चालताना पाहिलासुद्धा नसेल. पण घरात माळ्यावर एखादी व्हीएचएस कॅसेट असेलच. आईबाबांचं लग्न, नाहीतर कुणाची तरी मुंज. आणि घरचे मागे लागले असतील, "तू कॉम्प्युटरवाला ना, ती डिजिटल करून आण." आणा, पण त्याआधी हे ऐका. कारण त्या कॅसेटचं बरंचसं नशीब रेकॉर्डिंगच्या वेळीच एका बटणाने ठरवलंय.

ते बटण म्हणजे एसपी आणि एलपी. स्टँडर्ड प्ले, लाँग प्ले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ई-१८० कॅसेटवर एसपीमध्ये १८० मिनिटं मावायची, एलपीमध्ये ३६०. टेप तेवढीच, साधारण अडीचशे मीटर. फक्त सरकायची निम्म्या वेगाने.

ही आयडिया आली अमेरिकेतून. सोनीचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आलं तेव्हा एक तास रेकॉर्ड करायचं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये दोन तास घेऊन आलं. आरसीए कंपनीला अमेरिकन फुटबॉलची अख्खी मॅच एका कॅसेटवर हवी होती, म्हणजे दोन तास पुरेनात. मात्सुशिताच्या इंजिनियरांनी वेग निम्मा करून चार तास बसवले आणि १९७७ मध्ये ते मशीन बाजारात आलं. जेव्हीसीला हे फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. इंजिनियर म्हणून मला त्यांचं दुःख समजतं. पण गिऱ्हाईक तास मोजतं, क्वालिटी नाही. तुम्ही फोनमध्ये स्टोरेज वाचवायचं सेटिंग लावता ना, तसंच.

आता खरी गंमत. वेग निम्मा म्हणजे चित्रही निम्मं का? नाही! व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरका ड्रम असतो, मिनिटाला १५०० फेरे. त्यावरचं हेड टेपवर तिरक्या रेघा ओढतं, सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने. टेप स्वतः सरकते फक्त २.३४ सेंटिमीटर. म्हणजे टेप हळू केली तरी हेडच्या वेगाला जवळपास काहीच फरक पडत नाही, आणि चित्राची धार बऱ्यापैकी टिकते. बिघडतं ते वेगळंच. एसपीमध्ये प्रत्येक रेघ ४९ मायक्रॉन रुंद असते, एलपीमध्ये साधारण निम्मी. रेघ बारीक, म्हणून सिग्नल कमी, म्हणून मुंग्या जास्त. आणि हेड रेघेवरून जरा जरी सरकलं, की पडद्यावर पट्टे.

पण आवाजाचं काय? साध्या मोनो व्हीसीआरमध्ये आवाज ड्रमवर नसतोच. एक स्थिर हेड टेपच्या कडेला सरळ रेघेत लिहितं, म्हणून त्याचा वेग म्हणजे टेपचाच वेग. गाण्यांची साधी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. व्हीएचएस एसपीमध्ये त्याच्या निम्मी, एलपीमध्ये पाव! वरच्या फ्रिक्वेन्सी तिथे मावतच नाहीत. स, श, च ही अक्षरं सगळ्यात आधी बोथट होतात. (हायफाय व्हीसीआरमध्ये आवाजही ड्रमवर जायचा, पण आपल्याकडे तो किती घरांत होता?)

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजी उखाणा घेताना दिसते. सगळे हसतात. शब्द मात्र कळत नाहीत, चिंध्यांतून बोलल्यासारखे. आजी आता नाही. मी कॅसेट व्हीसीआरला लावली तर डिस्प्लेवर एलपी. मग चौकशीत कळलं, ही कॉपी होती. दोन व्हीसीआर जोडून, दोन लग्नं एका ई-१८० वर बसवलेली. मूळ कॅसेट मामाकडे निघाली. एसपी! पट्टे तिच्यातही आहेत, रंग उतरलेत, पण उखाणा अक्षर न् अक्षर ऐकू येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: दुकानात पैसे मोजायच्या आधी फोनाफोनी करा. शूटिंगवाल्याने दिलेली पहिली कॅसेट कुणाकडे गेली? वराकडे, वधूकडे, की काकांकडे? तुमच्या हातातली कदाचित कॉपीची कॉपी असेल. ई-१८० वर तीन तासांहून जास्त मजकूर असेल तर ती एलपी, हा हिशोब व्हीसीआर नसतानाही जमतो.

एलपीच उरली असेल तर दुकानदाराला आधी विचारा, मशीन एलपी वाचतं का. फक्त एसपीवाल्या मशीनवर ती दुप्पट वेगाने पळते, आवाज चिमणीसारखा होतो, आणि "कॅसेट खराब आहे" असं सांगून परत पाठवतात. ट्रॅकिंग हाताने जुळवायला सांगा. ज्या व्हीसीआरवर रेकॉर्डिंग झालं तोच कुणाकडे जिवंत असेल तर उत्तम, कारण त्याच्या रेघा त्यालाच सगळ्यात चांगल्या सापडतात. आणि एआयने आवाज "सुधारून" देणाऱ्या ॲपबद्दल विचाराल, तर टेपवर नसलेला स ते अंदाजानेच टाकणार. तो ॲपचा स, आजीचा नाही.

शेवटचं. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड चोंदतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. ती आधी साफ करणारा माणूस शोधा. कुणाला एसपीची मूळ कॅसेट सापडली तर मला मेसेज टाका, ऐकायला आवडेल.